लुप्त कोण?

पाठीवर पिशवी टाकून बेलीझची अरण्ये, भग्नावशेष आणि बेटे हिंडून आलेल्यांची वर्णने आता मराठीतही वाचावयास मिळतात. थोड्या पैशांत, पायी जग पाहण्याची ही हौस आम्हांस प्रिय आहे. परंतु त्यांतील ‘लुप्त माया लोक’ या शब्दांना आमचा स्पष्ट विरोध आहे. काराकोल येथील काना हा सुमारे ४३ मीटर उंचीचा प्रासाद ओस पडला, हे खरे. माया वंश मात्र संपलेला नाही. दक्षिणेच्या टोलेडो जिल्ह्यात मोपान आणि केक्ची माया आजही मका पिकवितात, आपापली भाषा बोलतात.

एका शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. ज्या रानाला धनी नाही असे ठरते, ते वाटून टाकणे सोपे जाते. १९९०च्या दशकात सरकारने याच मायांच्या रानात लाकूडतोडीचे परवाने दिले. त्यांच्या वहिवाटीच्या हक्कावर कॅरिबियन न्यायालयाची मोहोर उमटावयास २०१५ साल उजाडले. बेवारस मानलेल्या वास्तूंचीही तीच गत : २०१३ मध्ये उत्तरेकडील नोहमूलचा पिरॅमिड रस्त्याच्या भरावासाठी यंत्रांनी पोखरला गेला.

‘तुमच्यात आता मराठीपण कितीसे उरले?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या आपल्या घराण्यांनी तरी जित्या माणसांना लुप्त म्हणू नये. प्रवाशाने शिखर अवश्य चढावे, बेटावर चार दिवस अवश्य विसावावे. पण पायथ्याच्या गावात आधी विचारावे, हे रान कोणाचे? उत्तर देणारा तेथे उभा आहे.