लुंबिनी राहिली

दीक्षाभूमी झाली, बोधगया झाली, चैत्यभूमी तर दरवर्षीचीच. राहिली ती लुंबिनी. दिवाळी सरली की आमची आई विचारते, "यंदा तरी?" आणि आमच्याकडे कारण तयार असते. कधी पोरीची फी, कधी गळका पत्रा.

खरे म्हणजे 'परदेश' या शब्दालाच आम्ही भ्यालो होतो. पण नेपाळला पासपोर्टच हवा असे नाही, मतदार ओळखपत्र चालते. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीपर्यंत बस, सीमा ओलांडली की लुंबिनी तास-दीड तासावर.

तेथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्ध येथे जन्मले म्हणून राजाने गावाचा कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरलेले आहे. हे वाचून दाखवताच आई म्हणाली, "बघ, राजा आला तो गावाला देऊन गेला. नाहीतर आपले पुढारी..." पुढचे छापण्याजोगे नाही.

आता तिचे गुडघे बसले की उठू देत नाहीत. म्हणून पत्रा पुढच्या वर्षावर टाकला. तिकडे उन्हाळा कडक, तेव्हा फेब्रुवारी ठरला आहे. ओळखपत्रावर तिचे नाव चुकलेले निघाले, ते दुरुस्तीला दिले आहे. आई रोज विचारते, "आले का?"