मोबाइलवरील ध्वनिमापक ॲपचे कॅलिब्रेशन सक्तीचे करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : पोलीस ठाण्यांतील मोबाइल ध्वनिमापक ॲपची प्रमाणित मीटरशी पडताळणी करण्याबाबत

महोदय,

भोंग्यांविषयीच्या जानेवारी 2025 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना मोबाइलवरील डेसिबल मोजणारी ॲप वापरण्यास सांगितले, हे योग्यच झाले. तक्रार आल्यावर मीटर शोधत बसण्यापेक्षा खिशातला फोन काढणे केव्हाही बरे. पण त्या फोनवरचा आकडा खरा की खोटा, हे कोणी तपासलेले नसते. किराणा दुकानातल्या काट्यावरही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ज्या आकड्यावर एखाद्या उत्सव मंडळावर गुन्हा दाखल होणार किंवा तक्रारदाराला परत पाठवले जाणार, त्याला तेवढीही पडताळणी नसावी, हे पटत नाही.

फोनचा माइक बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. आवाज वाढला की अनेक फोन तो आपोआप दाबतात आणि गोंगाट गाळतात. म्हणजे नेमके जे मोजायचे तेच कमी करतात. अमेरिकेतील नायॉश या कामगार आरोग्य संस्थेने आपले ध्वनिमापक ॲप केवळ आयफोनसाठी काढले, कारण अँड्रॉइडच्या असंख्य मॉडेलांत माइक निरनिराळे. आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडच असतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे आणि ती 10 डेसिबलने ओलांडली की तक्रारीचा हक्क मिळतो. दिवसा 65 ची ही रेषा ओलांडली की नाही, हे ठरवताना चार डेसिबलची चूक क्षुल्लक नाही. तेवढ्या फरकात ध्वनीची ऊर्जा अडीच पट होते.

उपाय अवघड नाही. प्रयोगशाळेतला कॅलिब्रेटर 1000 हर्ट्झला 94 डेसिबलचा सूर देतो, पण तो मीटरच्या गोल माइकवर बसतो, फोनच्या बारीक छिद्रावर नाही. म्हणून तुलनेचा मार्ग घ्यावा. बंद सभागृहात स्पीकरवर पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला आवाज) लावावा. कव्हर काढलेला फोन आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेला मीटर, दोन्हींचे माइक शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर ठेवावेत. ॲप ए-भारांकन (मानवी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार केलेली मोजणी) आणि सरासरी पातळीवर लावून 55, 65, 75, 85 आणि 95 अशा टप्प्यांवर दोन्ही रीडिंग लिहून घ्यावीत. प्रत्येक टप्प्यावर फोन सारखाच चार डेसिबल कमी दाखवत असेल, तर ॲपमध्ये तेवढी दुरुस्ती भरली की काम झाले. पण 65 ला चार आणि 95 ला नऊ असा फरक वाढत गेला, तर कोणतीही एक दुरुस्ती उपयोगाची नाही. तो फोन मोजणीतून बाद करावा. फोन बदलला किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की हीच तपासणी पुन्हा व्हावी.

ॲप केवळ प्राथमिक अंदाजासाठी आहे, खरा मीटर नंतर येतोच, असे यावर सांगितले जाईल. पण मीटर मागवायचा की नाही, हे त्या अंदाजावरच ठरते. कमी दाखवणाऱ्या फोनमुळे मीटर कधी निघतच नाही. खर्चाचा मुद्दाही टिकत नाही, कारण जिल्ह्याला एक तपासलेला मीटर पुरतो आणि ठाण्यांचे फोन त्याच्याकडे आणता येतात. अशा नियमाने मंडळांना पळवाट मिळेल, ही भीती तर उलटी आहे. पळवाट आजच उघडी आहे : ‘हा फोन कशाशी ताडून पाहिला?’ हा प्रश्न बचाव पक्षाचा वकील पहिल्याच तारखेला विचारील. शिवाय जास्त दाखवणाऱ्या फोनमुळे नियम पाळणारे मंडळही अडकू शकते.

तरी गृह विभागाने येत्या गणेशोत्सवापूर्वी याबाबत परिपत्रक काढावे आणि फोनचे मॉडेल, ॲपचे नाव, लावलेली दुरुस्ती व पडताळणीची तारीख हे चार रकाने ध्वनिमापनाच्या पंचनाम्यात बंधनकारक करावेत, ही विनंती.

आपले,
निवेदक नागरिक