वेदनेचे औषध आणि पेठेतले दुकान

साप्ताहिक सदर : आरोग्य आणि नागरिक

तालुक्याच्या गावी लोकांच्या घरातली खबर पेठेतल्या औषधांच्या दुकानाला असते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. कोणाची साखर वाढली, कोणत्या वृद्धाच्या रक्तदाबाच्या गोळ्या परवा संपणार, हे त्या दुकानदाराला विचारावे लागत नाही. चिठ्ठी हाती पडण्यापूर्वीच त्याचा हात योग्य त्या खणाकडे गेलेला असतो. पैसे कमी पडले तर तो वहीत मांडून ठेवतो, आणि रात्री अकराला कोणी दार ठोठावले तर माडीवरून खाली उतरतो. सरकारी दवाखान्यातले अधिकारी बदलून जातात. दुकान मात्र बापाकडून मुलाकडे येते आणि त्याबरोबर गिऱ्हाइकांचा विश्वासही वारशाने येतो. अशा या दुकानात, ज्याच्या घरी कर्करोगाचे माणूस अखेरच्या दिवसांत कळांनी तळमळत आहे, त्याला ज्या एका औषधाची निकड असते तेच बहुधा मिळत नाही. ते औषध म्हणजे मॉर्फिन.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणत असू, मणक्यात उतरलेल्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाने तिला घरी धाडताना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर चार तासांनी गोळी द्या, कळ उठण्याची वाट पाहू नका, बरोबर पोट साफ राहण्याचे औषध चुकवू नका, असे शांतपणे समजावून सांगितले. त्या गोळ्यांनी तिचा रोग हटला नाही, हटणारही नव्हता. परंतु ती कुशीवर वळू लागली, नातवाला जवळ घेऊ लागली, आमटीत मीठ कमी पडले असे सुनेला सांगू लागली. गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळत, म्हणून दर पंधरवड्याला माझा भाचा माणदेशातून रात्रीची एसटी धरून मुंबईला जाई आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत येई. एका श्रावणात दरड कोसळून वाट अडली, भाचा तिकडेच अडकला आणि घरातली शेवटची गोळी संध्याकाळी संपली. मी त्या रात्री दोन गावांतली पाच दुकाने फिरलो. आमच्या नेहमीच्या दुकानातला तरुण मालक खाली मान घालून म्हणाला, "काका, अक्कांसाठी नाही म्हणायला जीभ उचलत नाही. पण ही गोळी ठेवायची म्हणजे वेगळा परवाना, वेगळी नोंदवही आणि वेगळी तपासणी. एक गोळी हिशेबात कमी भरली तर मी घरच्यांना काय सांगू?" त्या रात्री अक्काने उशीचा अभ्रा दातांत धरून पहाट गाठली.

त्या तरुणाला मी दोष दिला नाही आणि आजही देत नाही, कारण त्याच्या भयाला इतिहास आहे. अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९८५ साली जो कायदा झाला, त्याचा हेतू योग्य होता. परंतु त्यात शिक्षा इतक्या कठोर ठेवल्या गेल्या आणि औषधी उपयोगासाठी परवान्यांचे जाळे इतके गुंतागुंतीचे झाले, की रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिनचे नावच टाकून दिले. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, साठ्याचा परवाना निराळा, वाहतुकीचा निराळा. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणाम असा झाला, की पुढच्या सुमारे बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटला. मादक पदार्थांच्या नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार १९६१ साली झाला, त्याच्या प्रास्ताविकातच वेदना-निवारणासाठी या द्रव्यांचा वैद्यकीय उपयोग अपरिहार्य असल्याचे मान्य केलेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७७ च्या पहिल्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत मॉर्फिन आहे. आमच्या अंमलबजावणीत मात्र निर्बंधांचा भाग तेवढा उतरला आणि वेदनेचा भाग दप्तरात राहून गेला.

या अवस्थेत पालट घडवून आणण्यासाठी केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तिचे फळ २०१४ च्या दुरुस्तीत दिसले. मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक अमली औषधे' म्हणून स्वतंत्र ठरली. २०१५ च्या नियमांनी सर्व देशाला एकच पद्धत लावली. मान्यता देण्याचा अधिकार राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे, आला. प्रशिक्षित डॉक्टर असलेले रुग्णालय मान्यताप्राप्त संस्था होऊन हे औषध ठेवू शकते आणि परवानाधारक औषधविक्रेत्यालाही या नियमांत स्थान आहे. तथापि कायद्याने दार उघडले म्हणून त्यातून कोणी आत येतेच असे नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली केलेल्या गणनेत, भारतात वेदनेसाठी लागणाऱ्या अशा औषधांपैकी सुमारे ४ टक्केच रुग्णांपर्यंत पोचत असल्याचे दिसले. ज्या माळव्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि जिथल्या नीमच गावी अफूतून अल्कलॉइड काढण्याचा सरकारी कारखाना आहे, तो माळवा आमचा शेजारी आहे. त्या माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापाराच्या संपत्तीतून या शहरात मोठमोठे धर्मादाय उभे राहिले. कच्चा माल घरचा, कारखाना घरचा, औषध स्वस्त. आणि तरी ते पेठेपर्यंत येत नाही.

वस्तुतः या औषधाचा जन्मच औषधालयात झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या पाडेरबोर्न गावी एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर नावाच्या तरुणाने अफूतले वेदनाहारक तत्त्व प्रथम निराळे काढले, आणि १८२७ च्या सुमारास डार्मस्टाटच्या मेर्क घराण्याने, ज्याचा मूळ व्यवसाय औषधालय चालविणे हाच होता, ते विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला. प्रत्येक अफूची ताकद निराळी असल्याने एका रुग्णाला आराम पडे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेते. मोजून देता येईल असे द्रव्य औषधविक्रेत्याच्या तराजूने प्रथम मिळवून दिले. मोजणे, नोंदवणे आणि जपून देणे हाच ज्याच्या विद्येचा गाभा, त्याच्याच हाती आज हे औषध नसावे, ही मला मोठी विसंगती वाटते.

गोळ्या भलत्यांच्या हाती जातील, तरुण पोरे नशेला लागतील, ही शंका मी उडवून लावणार नाही. खोकल्याची औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या नशेसाठी विकल्या जातात हे खरे आहे, आणि म्हणूनच २०१८ साली ट्रॅमाडॉलवर सरकारला निर्बंध आणावे लागले. परंतु शंकेला अनुभवाचे उत्तरही आहे. कोझिकोडे येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनामुक्ती व परिहार सेवेने मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णांच्या घरी दिल्या. दोन वर्षांतल्या अशा १,७२३ रुग्णांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यात औषधाचा दुरुपयोग झाल्याचे किंवा ते दुसरीकडे वळवल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

इंग्लंडचे उदाहरण अधिक कठीण आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या स्थानिक शाखा आपल्या भागातली काही दुकाने निवडून त्यांच्याशी करार करतात, की परिहार सेवेच्या औषधांची ठरलेली यादी तुम्ही सदैव शिल्लक ठेवावी. अखेर जवळ आलेल्या रुग्णाच्या घरी तर कळ, धाप व अस्वस्थता यांवरची औषधे गरज पडण्यापूर्वीच नेऊन ठेवण्याची पद्धत आहे. त्याच देशात हॅरल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने मॉर्फिनच्याच कुळातल्या औषधाने आपल्या रुग्णांचे खून केले आणि २००० साली त्याला जन्मठेप झाली. त्या भयंकर प्रकरणाची न्यायिक चौकशी झाली, नोंदवह्या आणि तपासण्या कडक झाल्या. परंतु मरणाऱ्याच्या उशाजवळून औषध काढून घ्यावे, असे त्या समाजाने ठरवले नाही. गुन्हा झाला म्हणून हिशेब अधिक चोख करणे आणि गुन्हा होईल म्हणून औषधच नाकारणे, या दोन मार्गांतला भेद आमच्या प्रशासनाने ध्यानी घ्यावा.

मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्यात निदान एका दुकानाने हे औषध ठेवावे, आणि त्यासाठी दुकानदाराच्या अर्जाची वाट न पाहता अन्न व औषध प्रशासनाने स्वतः योग्य दुकाने हेरून त्यांना पाचारण करावे. साठा थोडाच असावा, कुलपात असावा, आणि पडून राहून मुदत संपलेल्या गोळ्यांची भरपाई सरकारने करावी, कारण वर्षाला चार-सहा गिऱ्हाइकांसाठी तोटा सोसण्याची अपेक्षा छोट्या दुकानदाराकडून करणे न्याय्य नाही. नोंदवहीतली नजरचूक आणि चोरटी विक्री यांना एकाच मापाने मोजले जाणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक तपासणी अंमलदारांच्या हाती असावे. तोंडी आश्वासनाने त्या तरुण मालकाची भीती जाणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रुग्णाला घरी धाडतानाच रुग्णालयाने त्याच्या तालुक्यातल्या दुकानाशी बोलावे, मात्रा कळवावी, आणि त्या दुकानाचे नाव ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर लिहिलेले असावे. मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचे औषध आहे. महिनाभर घेतलेले औषध एका रात्रीत तुटले तर दबलेली कळ उसळते आणि शिवाय औषध अकस्मात थांबल्याचा त्रास निराळा होतो. म्हणून येथे पुरवठ्यातला खंड हाच एक आघात आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले, पुण्यातही परिहार सेवेचे केंद्र १९९७ पासून आहे, आणि या संस्थांविषयी माझ्या मनात निःसीम आदर आहे. परंतु बहुसंख्य माणसे आपल्याच घरी, आपल्याच माणसांत डोळे मिटू इच्छितात, आणि त्या घराला सर्वांत जवळची शहाणी व विद्यावंत जागा म्हणजे पेठेतले दुकान हीच होय.

अक्का गेली तेव्हा डबीत नऊ गोळ्या उरल्या होत्या. रुग्णालयाने उरलेले औषध परत आणून द्यायला सांगितले होते. तेराव्याचा विधी आटोपल्यावर भाच्याने ती डबी रुमालात बांधली आणि मुंबईची एसटी धरली. तिथल्या खिडकीवर नऊ गोळ्या मोजून घेतल्या गेल्या, वहीत नोंद झाली, त्याने सही केली आणि रात्रीच्या गाडीने तो परतला. गाडीतून उतरल्यावर तो आमच्या नेहमीच्या दुकानावरूनच घरी आला. त्या दुकानात एक कुलपाचे कपाट आणि एक वही असती, तर त्या नऊ गोळ्या तिथेच परत गेल्या असत्या. आणि श्रावणातल्या त्या रात्री अक्काची गोळीही तिथूनच आली असती.

— सहवेदी