वॉकीटॉकी मिळतो, परवान्याचे काय?

दोन बँडचा रेडिओ म्हटले की माझ्या वयाच्या माणसाला मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह आठवते. एका बँडवर नागपूर केंद्र, दुसऱ्यावर रेडिओ सिलोन. त्या रेडिओला परवाना लागे. पोस्टात जायचे, पैसे भरायचे, मग पोस्टमास्तर छोट्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारत. नुसते ऐकण्यासाठी सरकारला पैसे का द्यायचे, असा प्रश्न आमचे वडील दरवर्षी विचारत आणि दरवर्षी पैसे भरून येत. १९८० च्या दशकात ही पद्धत गेली, ते बरेच झाले. पण परवाना हवा असेल तर तो कुठे मिळतो, हे तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

आजचा ‘ड्युअल बँड’ रेडिओ वेगळा. तो ऐकतो तसा बोलतोही. साध्या भाषेत वॉकीटॉकी. तो मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो आमच्या बोरी अरबच्या भागातल्या एका जिनिंगात. हंगाम ऐन भरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत कापसाच्या गंज्या, आणि जिनांचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. काट्यावरच्या मुनिमाच्या कमरेला काळा डबा लटकत होता. मी विचारले, अहो, मोबाइल असताना हे कशाला? तो म्हणाला, “काकाजी, मोबाइल लावाले हात कुठं मोकळा रायते? अन् लावला तरी एकालेच ऐकू येते. हे दाबलं का साऱ्यायले ऐकू येते.”

‘साऱ्यायले’ या एका शब्दात या यंत्राची सगळी उपयुक्तता आली. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा असला की जिनात ठिणगी पडते, आणि रुई पेटायला वेळ लागत नाही. अशा वेळी फोनवर नंबर शोधत बसणारा माणूस काय कामाचा? मशीन बंद करणारा, पाण्याची मोटर सुरू करणारा आणि फाटक उघडणारा, तिघांना एकाच क्षणी कळले पाहिजे.

दोन बँड कशासाठी, हेही त्या मुनिमाने मला समजावले, आणि नंतर मी वाचून पाहिले तर त्याचे म्हणणे बरोबर निघाले. व्हीएचएफच्या लहरी मोकळ्या शिवारात, झाडाझुडपांतून लांब जातात. यूएचएफच्या लहरी आखूड; त्या गोदामाच्या खोल्यांतून, दारांखिडक्यांतून वाट काढतात. ज्याचे काम अर्धे आवारात आणि अर्धे रस्त्यावर, त्याला दोन्ही हवेत. मंडपवाले, क्रेनवाले, जत्रेचा बंदोबस्त पाहणारे, सगळ्यांची हीच गरज.

त्याला परवान्याचे विचारले तेव्हा तो हसला. “ह्याले बी परवाना लागते काय?”

लागतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असे यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ही मूळ भूमिका बदललेली नाही. सूट आहे ती छोट्या यंत्रांना. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला, पण अर्ध्या वॅटच्या मर्यादेत आणि सरकारी मान्यता असलेल्या संचापुरता. मुनिमाच्या कमरेचा संच पाच वॅटचा होता, आणि बटणे दाबून त्यावर दोन्ही बँडमधली हवी ती वारंवारिता लावता येत होती. तो मागवला होता घरबसल्या, ऑनलाइन, बुटांच्या जोडीसारखा.

हा बाजार किती मोकाट होता ते मे २०२५ मध्ये उघड झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबद्दल १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा दिल्या. त्यांच्याकडे मिळून अशा मालाच्या १६,९७० नोंदी आढळल्या होत्या. त्याच महिन्याअखेर मार्गदर्शक तत्त्वे निघाली. संच कोणत्या वारंवारितेवर चालतो, त्याला मान्यता आहे का, परवाना लागतो का, हे आता विक्रेत्याने सांगितले पाहिजे. हे योग्यच झाले. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळायलाच हवे होते.

पण यातून बेकायदा मालाची वाट बंद होते. कायदेशीर वाट आपोआप उघडत नाही.

ती वाट अशी आहे. व्यावसायिकाने दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे अर्ज करायचा. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरता येतो, ही सुधारणा मान्य. मग वारंवारिता वाटून मिळायची, वर्षाकाठी तिची रॉयल्टी भरायची, संच मान्यताप्राप्त घ्यायचा, उंच अँटेना उभारायची तर तिच्या जागेची वेगळी परवानगी काढायची. खाणी, बंदरे, विमानतळ, मोठे कारखाने हे करतात. त्यांच्याकडे त्यासाठी माणूस नेमलेला असतो. सहा संचांच्या जिनिंगवाल्याने हे कुणाला विचारायचे? तालुक्याला विचारले तर जिल्ह्याचे बोट दाखवतात, जिल्ह्याला विचारले तर मुंबईचे.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज पाहिले. सात-बारा, आठ-अ, फेरफार, जामीनदार, इतर बँकांचे थकबाकी नसल्याचे दाखले. प्रत्येक कागदामागे कारण होते, आणि एकेकटे पाहिले तर ते पटतही असे. पण कागद पुरे होता होता मृगाचा पाऊस येई आणि माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. सावकाराचे व्याज जास्त, पण पैसे त्याच दिवशी. ऑनलाइन बाजार हा या रेडिओचा सावकार आहे. सावकारावर छापे घालावेत, जरूर घालावेत. पण बँकेचे दार लहान माणसाला उघडले नाही, तर तो दुसरा सावकार शोधतो, एवढे मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे.

सरकारची भीती पोकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. पोलीस, वनखाते, रेल्वे यांची बोलणी याच दोन बँडमध्ये चालतात. एखाद्याने गंमत म्हणून बटणे दाबली आणि त्यांच्या संभाषणात घुसला, तर भलत्या वेळी भलते घडेल. हॅम रेडिओवाल्यांना दोन्ही बँडमध्ये जागा आहे, पण परीक्षा दिल्यावर, आणि धंद्यासाठी तर नाहीच. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात या हौशी मंडळींनी निरोप पोचवले, ते शिस्तीच्या जोरावरच. तेव्हा ‘सगळ्यांना सगळे मोकळे करा’ असे मी म्हणत नाही.

यावर सिमकार्डाच्या वॉकीटॉकीचा उपाय काही जण सांगतात. तो मोबाइलच्या टॉवरवर चालतो. टॉवर असेतो ठीक. जुलै २०२३ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला, माणसे अडकली, हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. बोरी अरबही अडाण नदीच्या काठचे गाव. पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते. नेमक्या तेव्हाच दोन संच थेट एकमेकांशी बोलू शकले, तर त्याचे मोल कळते.

ब्रिटनने एक मधला मार्ग काढला आहे. तिथे छोट्या व्यावसायिकांसाठी दोन्ही बँडमध्ये काही ठरावीक सामाईक वारंवारिता राखून ठेवल्या आहेत. पाच वॅटपर्यंतचा संच, ७५ पौंड म्हणजे आपले आठ-नऊ हजार रुपये शुल्क, आणि परवाना पाच वर्षांचा. कुणाची खास वारंवारिता नाही; शेजारचा बोलत असेल तर थांबायचे, एवढी समजूत. आपल्याकडे हे का होऊ नये? दोन्ही बँडमध्ये देशभर मिळून दहा-बारा वारंवारिता बाजूला काढा. संच कारखान्यातूनच त्या वारंवारितांपुरते कुलूपबंद होऊन येऊ द्या, म्हणजे बटणे दाबून पोलिसांच्या बोलण्यात घुसण्याचा प्रश्न मिटला. परवाना तालुक्याच्या पोस्टात किंवा सेवा केंद्रात, आधार आणि उद्यम नोंदणी पाहून, आठवड्याच्या आत मिळू द्या. ज्यांच्याकडे आज बेकायदा संच आहेत, त्यांना ते जमा करायला एक मुदत द्या. छापे त्यानंतर घाला.

शुल्क किती असावे यावर वाद घालता येईल. संचामागे वर्षाला दोनशे रुपये ठेवले, तर सहा संचांचा जिनिंगवाला बाराशे रुपये हसत भरील. हंगामात तेवढे तर त्याच्या काट्यावर गाडीवाल्यांच्या चहाला जातात.