रेशनकार्डावरचं नाव



गेल्या चातुर्मासात शिरूरला प्रवचन झालं की आम्ही तिघी-चौघी मोबाईल घेऊन स्थानकातच बसायचो. सत्तरीपुढच्या बायकांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढून द्यायचो. बऱ्याच जणी म्हणायच्या, "अगं, आपण दुकानदार माणसं. गरिबांची योजना आपण कशाला घ्यायची?"

म्हणून आधी तेच सांगते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार या योजनेत मिळतात. वय आधार कार्डावरून धरतात. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतो, जुना मधुमेह असला तरी चालतो. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. बाहेरच्या बाहेर डॉक्टरला दाखवणं आणि रोजच्या गोळ्या मात्र यात येत नाहीत. पुण्याला जा नाहीतर नगरला, ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी विचारा.

माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंचं कार्ड अर्ध्या तासात निघालं. त्याच उत्साहात मी दौंडला गेले, नणंदबाईंचं काढायला. त्या ६४ वर्षांच्या. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायात ताकद नाही. लग्न झालं नाही, धाकट्या दिरांकडे असतात. मला वाटलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे म्हणजे काम सोपं.

सोपं नव्हतं. सत्तरीला सहा वर्षं कमी. आयुष्मान भारतच्या मूळ यादीत गावाकडे अपंग व्यक्तीचं घर धरलं आहे, पण त्या घरात एकही धडधाकट प्रौढ माणूस नसेल तरच. दिरांच्या घरात तर चार आहेत! निरामय विमा १ लाखाचा, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांनाच. पोलिओ त्यात नाही.

राहिली राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना. ती आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. म्हणून दिरांचं कार्ड काढलं, तर त्यात नणंदबाईंचं नावच नव्हतं. मग आमचं पाहिलं, त्यातही नव्हतं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जुनं कार्ड फुटून दोन झाली. दुकान, घर, भांडी, सगळ्याचा हिशेब मीच मांडला होता, बीकॉम ना मी! एक माणूस कुठल्याच पानावर आलं नाही, हे वीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

यात सरकारला माझं सांगणं एवढंच आहे. म्हातारपणाला जसं माणसागणिक कार्ड दिलंत, तसं अपंगत्वालाही द्या. घरात धडधाकट भाऊ आहे म्हणून बहिणीच्या ऑपरेशनचा खर्च कमी होत नाही. उलट प्रत्येक वेळी तिला भावाच्या तोंडाकडे बघावं लागतं. यूडीआयडी कार्ड सरकारनेच दिलेलं आहे, पात्रतेला तेच धरावं.

पण सरकारचं होईल तेव्हा होईल. आपण वैयावृत्त्याला आभ्यंतर तप म्हणतो. पाय चेपणं, पथ्याचं करून घालणं हे आपण मनापासून करतो. कागद नीट ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे. आज दुपारी कपाटातलं रेशनकार्ड काढा आणि घरातली माणसं एकेक करून मोजा. अविवाहित नणंद, विधवा जाऊ, सांभाळायला आणलेली मावशी, सगळ्यांची नावं आहेत का बघा. नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. आजारपण आल्यावर त्याला वेळ मिळत नाही.

नणंदबाईंचा अर्ज आम्ही दिला आहे. सही करताना त्या म्हणाल्या, "वहिनी, माझं नाव नीट लिहिलंय ना?" मी दोनदा वाचून दाखवलं.