शाळेबाहेरचे मूल रिकामे नसते

“शाळेत जात नाही, कामही करत नाही, नुसता हिंडतो.” यवतमाळ जिल्ह्यात शाळा सुटलेल्या मुलाबद्दल हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकू येते, सरपंचाच्या तोंडून येते, तालुक्याच्या कचेरीत येते आणि कधी कधी त्या मुलाच्या बापाच्याही तोंडून येते. माझ्या मते हे वाक्य मुळातूनच खोटे आहे. आणि ते खरे धरून चालल्यामुळेच शाळाबाह्य मुलांसाठीचे आपले बहुतेक उपाय फसत आले आहेत.

दसऱ्याच्या आसपास कापूस फुटू लागतो आणि संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, वेचाई चालते. वेचाईची मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. सकाळी आई वावरात जाते, तिच्यासोबत बारा वर्षांची मुलगी जाते, दहा वर्षांचा मुलगा जातो. तिघे मिळून वेचतात. संध्याकाळी काटा लागतो तेव्हा तिघांचा कापूस एकाच गाठोड्यात असतो आणि वहीत नाव एकट्या आईचे पडते. शेतमालकाने मुलाला कामावर ठेवलेले नाही, मुलाच्या हातावर कोणी मजुरी टेकवलेली नाही, तरी त्या गाठोड्यातला काही कापूस त्याच्या बोटांनी वेचलेला आहे. राळेगाव, कळंब, केळापूर, मारेगाव, वणी, कोणत्याही तालुक्यात जा, रीत हीच.

पुसद, महागाव, दिग्रस, उमरखेडकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे तेच. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर, आणि दर ठरतो टनावर. वाढे गोळा करणारी, मोळीला हात लावणारी, कोपीत धाकट्याला सांभाळणारी मुलगी त्या हिशेबात कुठेच नसते. वीटभट्टीवर हिशेब हजारावर. उक्त्या कामात मोजला जातो तो माल, माणसे नव्हेत. म्हणून तो माल वाढवणारे लहान हात मालकाच्या वहीत येत नाहीत, मुकादमाच्या वहीत येत नाहीत, आणि मग सरकारच्याही वहीत येत नाहीत.

शाळेच्या हजेरीपटावर तरी हे दिसायला हवे. तेही दिसत नाही. शाळाबाह्य ठरण्यासाठी मूल सलग महिनाभर गैरहजर असावे लागते. पण वेचाईच्या दिवसांतही आठवड्याचा बाजार असतोच. त्या दिवशी बाया वेचाईला जात नाहीत, आणि मूल शाळेत येऊन बसते. सलग तीस दिवस कधीच भरत नाहीत. नाव पटावर राहते, पोषण आहाराच्या हिशेबात राहते, वर्षअखेर पुढच्या वर्गातही जाते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. जुलैचा पहिला आठवडा हा पेरणी-डोबणीचा. कापसाची वेचाई आणि उसाचा हंगाम तेव्हा तीन-चार महिने दूर होता. ज्या महिन्यांत मुले शाळेतून उठतात, ते महिने त्या मोजणीत आलेच नाहीत.

जनगणनेचे वर्गीकरण हा गोंधळ आणखी खोलात नेते. वर्षातून सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केले तर मुख्य कामगार, त्याहून कमी केले तर सीमांत कामगार, काहीच केले नाही तर अकामगार. २०११ च्या जनगणनेत देशभरात ५ ते १४ वयोगटातली सुमारे १ कोटी १ लाख मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली आणि त्यांतली मुख्य कामगार साडेत्रेचाळीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुले हंगामापुरती कामावर होती. निंदण, वेचाई, मोहफुले वेचणे, ढोरे राखणे हे सगळे तुटक तुटक येते. शाळा सुटण्यासाठी मात्र असे तीन महिने पुरेसे असतात. तीन महिने बुडालेल्या मुलाला चौथ्या महिन्यात फळ्यावरचे कळत नाही, आणि न कळणाऱ्या वर्गात कोणतेही मूल फार दिवस बसत नाही.

मुलींची नोंद तर सर्वांत अन्यायाची. घरातला स्वयंपाक, पाणी, धाकट्यांना सांभाळणे हे करणारी मुलगी ‘घरकाम’ या रकान्यात जाते आणि तो रकाना अकामगारांचा आहे. सरपण आणणे, चारा आणणे, रानभाजी खुडून आणणे हेही राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात घरकामाच्याच जोडीला लावलेले आहे. तीच मुलगी यवतमाळ शहरात दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करू लागली की कामगार ठरते. आई वेचाईला जाऊ शकते ती मुलगी घरी आहे म्हणून. आईची मजुरी ही त्या मुलीच्या श्रमावर उभी आहे, आणि आपण लिहितो: काम करत नाही.

यावर कायद्याचा आधार घेऊन एक उत्तर दिले जाते. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कामात घरच्यांना मदत करण्याची मुभा राहिली. मग आईसोबत वेचले तर बिघडले काय, असे विचारले जाते. बिघडते ते असे: शाळा साडेचार-पाचला सुटते आणि डिसेंबरात सहाच्या आत अंधारून येते. वेचाई अंधारात होत नाही. ‘शाळेनंतर’ या शब्दाला कापसाच्या वावरात काही अर्थ उरत नाही. शिवाय तो कापूस घरचा नाही. दुसऱ्याच्या वावरातली मजुरी कुटुंब मिळून केली म्हणून तो घरचा उद्योग होत नाही.

काही जण प्रामाणिकपणे असेही सुचवतात की विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतातच, तशी वेचाईला सुट्टी द्यावी. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ती सुट्टी मुलांसाठी नसेल, स्वस्त मजुरांच्या पुरवठ्यासाठी असेल.

आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, या आरोपाला फार शब्द खर्चायची गरज नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. गरीब शेतकऱ्याला ढोरे राखायला आणि शेत पाहायला मुले लागतात म्हणून ती शाळेत येत नाहीत, हे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले होते. उपाय म्हणून सक्तीच्या शिक्षणाबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सुचवली होती. सक्ती हवी आणि बुडणाऱ्या कमाईची भरपाईही हवी, हे त्यांनी ओळखले होते. आपण सक्तीचा कायदा केला आणि भरपाई विसरलो.

आता त्या मताकडे येतो ज्याची मला खरी भीती वाटते. ‘शिकून तरी नोकरी कुठे आहे? पोरगे लवकर हाताला लागले तर बरे.’ हे शिकलेली माणसेही म्हणतात. यवतमाळ, पुसद, वणीच्या अभ्यासिकांत पोलीस भरतीची आणि तलाठी भरतीची तयारी करत वर्षानुवर्षे बसलेले तरुण ही माणसे दाखवतात. त्यांचे दुःख खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आकडेवारीत शिकलेल्यांमध्ये बेकारी जास्त दिसते, कारण नोकरीची वाट पाहायला घरात कोणीतरी कमावते लागते. ज्याच्या घरी दोन वेळचे भागत नाही तो बेकार राहूच शकत नाही, तो मिळेल त्या कामाला मिळेल त्या दराने लागतो. खेड्यातला शाळा सोडलेला मुलगा ‘कामाला आहे’ आणि शहरातला बारावी झालेला ‘काम शोधतो आहे’, यावरून पहिल्याचे बरे चालले आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने पहिल्याची मजुरी विचारावी. २०११ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती आणि पाचांतले जवळपास चार जण खेड्यांत राहत होते. बेकारीची चर्चा मात्र उरलेल्या एकाभोवती फिरते.

आणि शाळा सोडलेला हा मुलगा कामात शिकतो काय? श्रमातून शिक्षण म्हणताना लोक गांधीजींचे नाव घेतात. ‘नई तालीम’ ही कल्पना १९३७ मध्ये शेजारच्या वर्ध्यातच मांडली गेली. पण त्यात सूतकताई आणि शेती शाळेच्या आत आणली होती, मुलाला शाळेतून काढून वावरात पाठवले नव्हते. तिथे हाताला काम देताना ‘का’ आणि ‘कसे’ हे प्रश्न शिकवले जात. वेचाईत सोळाव्या वर्षी मुलगी जे करते तेच ती दहाव्या वर्षी करत होती. कौशल्य वाढत नाही, दर वाढत नाही, कंबर मात्र झिजते. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात सुमारे वीस माणसांचा बळी घेतला, शेकडो जण दवाखान्यात गेले. डब्यावरची सूचना आणि धोक्याची खूण वाचता न येणाऱ्याच्या हाती आपण पंप देतो. त्या डब्यावरचे वाचता येणे हेच त्या हंगामात जगणे-मरणे ठरवू शकत होते, नोकरीचा संबंधच नव्हता.

कामाला लागलेल्या या मुलांना राज्य कामगार म्हणून तरी काय देते? शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी. सरसकट बंदीही चौदापर्यंतच, पुढे अठरापर्यंत फक्त धोकादायक कामांना मनाई. रोजगार हमीचे काम मागायचा हक्क अठरापासून. ज्या मुख्यमंत्र्यांच्या काळात ही योजना महाराष्ट्रात उभी राहिली ते वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. त्याच पुसद तालुक्यातला पंधरा वर्षांचा मुलगा ना शिक्षणाचा हक्क सांगू शकतो, ना कामाचा. सोळाव्या वर्षी ई-श्रम कार्ड निघते, म्हणजे तो असंघटित मजूर आहे हे सरकार मान्य करते. पण २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तिची किमान अट बारावी उत्तीर्ण. आठवीनंतर सुटलेल्याला अठरा झाल्यावरही तिथे दार नाही. चौदा ते अठरा ही चार वर्षे म्हणजे दोन कायद्यांमधली मोकळी जागा आहे आणि मुकादमाला, गॅरेजवाल्याला, धाबेवाल्याला ती नेमकी ठाऊक असते.

शाळा तर गावोगाव आहे, असे कोणी म्हणेल. चौथीपर्यंत आहे, फार तर सातवी-आठवीपर्यंत. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या बाजूच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वीस मुले एका शाळेत मिळणे कठीण, आणि २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आणला. कोलाम ही केंद्राने विशेष दुर्बल म्हणून नोंदलेली जमात. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून पाच-सात किलोमीटरवर नेण्याचा बेत आखणाऱ्याने गाडी न आलेल्या दिवसाचाही विचार करावा. नववीसाठी मुलींना मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसचा आधार झाला, आणि बस गेली तिथे मुली टिकल्या. ती बस पोडापर्यंत आणि मुलांसाठीही का नाही, या प्रश्नाला पैशांशिवाय दुसरे उत्तर मला मिळालेले नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. शाळाबाह्य मूल हा मजुरीचा प्रश्न आहे. गणवेश, पुस्तके आणि प्रवेशोत्सव यांनी तो सुटणार नाही, कारण मुलाला शाळेतून ओढणारी गोष्ट शाळेत नाहीच, ती किलोच्या दरात आहे. एका मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या वेचाईत घर चालेल इतका दर मिळाला तर दुसरे, तिसरे हात वावरात न्यावे लागणार नाहीत. हा दर कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही, हे मला मान्य आहे. पाच एकरवाल्याच्या हाती वेचाई देऊन काय उरते ते मी जाणतो. म्हणूनच वेचाईचा खरा खर्च हमीभावात धरला गेला पाहिजे आणि हमीभावाची खरेदी केंद्रे पहिल्या वेचाईला उघडी असली पाहिजेत. शेतकऱ्याच्या तोट्याची भरपाई मजुराच्या मुलाने करायची, ही व्यवस्था चालू राहता कामा नये.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात. वसतिगृहाची मंजुरी आणि पैसा सप्टेंबरात गावात असला तर मूल मागे राहते. डिसेंबरात आलेल्या मंजुरीचा उपयोग नाही, तोवर ते कोपीत पोचलेले असते. शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत न्यायला हवा. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी जे खरोखर कामावर आहेत त्यांना आयटीआयचे शिक्षण, रात्रशाळा आणि किमान वेतन यांतले काहीतरी आज मिळाले पाहिजे, कायदा बदलेपर्यंत थांबायला त्यांच्याकडे वर्षे नाहीत.

यातले बरेच मुंबई-दिल्लीत ठरेल. पण एक गोष्ट गावात ठरू शकते. २ ऑक्टोबरच्या आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या मधोमध बहुतेक वेचाई येते. २ ऑक्टोबरला उभे राहून मागा की गावातल्या सहा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव लिहा, ते शाळेत किती दिवस आले ते लिहा आणि न आलेल्या दिवशी कोणाच्या वावरात, कोणाच्या भट्टीवर, कोणत्या घरात काय काम करत होते तेही लिहा. २६ जानेवारीला ती यादी मोठ्याने वाचायला लावा. २०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेचा प्रगणक दारात येईल. बहुधा तो तुमच्याच शाळेचा गुरुजी असेल. तुमच्या मुलीने वर्षभरात काही काम केले का, असे तो विचारेल तेव्हा ‘नाही, घरीच असते’ असे सांगू नका. तिने काय काय केले ते सांगा आणि लिहून घ्यायला लावा.