दहा टक्क्यांचे कुंपण

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी गेली बावीस वर्षे नोकरी करते आहे. बिले तपासणे, तरतूद शिल्लक आहे का ते पाहणे, प्रमाणके लावणे, रोकडवही जुळवणे आणि मार्चअखेरीला रात्री नऊ-दहापर्यंत टेबलाशी बसणे, हे माझे काम. या कामाकडे आपल्या चळवळीचे लक्ष फारसे गेलेले नाही. मोर्चा, धरणे, शिबिर म्हटले की आपण सगळ्याजणी पुढे; पण अंदाजपत्रकाचे पुस्तक समोर आले की भल्याभल्या कार्यकर्त्या म्हणतात, "ते आकड्यांचे तेवढे तूच बघ बाई." मैत्रिणींनो, बायकांच्या हक्काचा पैसा याच पुस्तकात अडतो. आणि तो अडवायला चोरी करावी लागत नाही. नियम पाळूनच तो अडवता येतो.

नियम असा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे. नगरपालिका-महापालिकांसाठी हे प्रमाण ५ टक्के. ऐकायला बरे वाटते. पण यातले 'स्वतःच्या उत्पन्नातले' हे शब्द नीट वाचा. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे आम्ही ज्याला सेसफंड म्हणतो तो. बाकीचा प्रचंड पैसा शासनाकडून येतो. समजा, एखाद्या जिल्हा परिषदेचा सेसफंड २० कोटींचा आहे आणि शासनाकडून ९८० कोटी येतात. उलाढाल झाली १००० कोटींची. महिला-बालकल्याणाचे दहा टक्के किती? २ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे वीस पैसे! शासनाच्या पैशातून शिक्षकांचे पगार होतात, अंगणवाड्या चालतात, हे मला मान्य आहे. पण सभेत जेव्हा कुणी छाती पुढे काढून सांगतो की "आम्ही महिलांना दहा टक्के देतो", तेव्हा ते दहा टक्के कशाचे, हे विचारायला नको का?

आकडा लहान आहे ही माझी मुख्य तक्रार नाही. खरे दुखणे पुढेच आहे. या दहा टक्क्यांचे आता कुंपण झाले आहे. बाईशी संबंधित कुठलेही काम निघाले की बाकीची खाती हात वर करतात. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही? "महिला-बालकल्याणातून घ्या." आठवडी बाजारात बायकांना मुतारी नाही? "तुमचे दहा टक्के आहेत ना?" फायलीवर असे शेरे मी स्वतः वाचले आहेत. बांधकामाचा पैसा गावाचा, पाणीपुरवठ्याचा पैसा गावाचा, आणि बाई तेवढी दहा टक्क्यांची! मग उरलेले नव्वद टक्के कुणाचे? हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण अंदाजपत्रक त्याचे उत्तर दरवर्षी छापून देते.

बाजारात पालेभाजीची पाटी घेऊन बसणारी बाई बाजार फी भरते. विधवा बाई घरपट्टी, पाणीपट्टी भरते. पावती फाडताना पंचायत तिला 'तू महिला, तुझी दहा टक्केच' असे म्हणत नाही. पट्टी सगळी घ्यायची आणि खर्चाच्या वेळी मात्र तिला एका लेखाशीर्षात कोंडायचे, हा कुठला हिशेब?

बरे, त्या लेखाशीर्षात काय होते तेही सांगते. शिलाई मशीन, पिको-फॉलचे मशीन, मुलींना सायकली. वर्षानुवर्षे तीच यादी. एखाद्या गावात शिवणकामाला गिऱ्हाईक किती आहे, आधी दिलेली मशीने चालू आहेत की माळ्यावर गेली, हे पाहायला कुणी जात नाही. डिसेंबर २०१६ मध्ये शासनाने ठरवले की वस्तू वाटायच्या नाहीत, पैसे लाभार्थीच्या बँक खात्यात द्यायचे. ठेकेदारी कमी करायला हे ठीकच होते. पण व्यवहारात त्याचा अर्थ झाला, आधी वस्तू स्वतःच्या पैशाने विकत घ्या, पावती आणा, मग रक्कम मिळेल. जिच्या गाठीला पैसे नाहीत तिच्यासाठी योजना, आणि अट अशी की आधी गाठीला पैसे हवेत! ज्या घरात हजारांच्या नोटा आधीच होत्या, त्या घरची बाई लाभार्थी झाली. शेतमजूर बाई यादीत राहिली, खात्यात आली नाही.

आणि लेखापरीक्षण? लेखापरीक्षक विचारतो: मंजुरी आहे का, पावती आहे का, तरतुदीपेक्षा खर्च जास्त नाही ना. हे प्रश्न हवेतच. पण ज्या बाईच्या नावाने हा खर्च पडला तिचे काय झाले, हा प्रश्न विचारायला त्याच्या तक्त्यात रकानाच नाही. ३१ मार्चला रक्कम खर्ची पडली की आमची वही शुद्ध होते. वहीतली शुद्धता आणि गावातला न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हिशेब लिहिणाऱ्या बाईने नाही सांगायचे तर कुणी सांगायचे?

यावर माझे सहकारी म्हणतात, "मग दहा टक्केही नकोत का?" हवेत. एक पैसाही कमी चालणार नाही. पण ते जोते आहे, छत नव्हे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि बायका पंचायतीत बसल्या. २०११ साली महाराष्ट्रात निम्म्या जागा आपल्या झाल्या. तरी बाईला सभापतिपद द्यायचे तर महिला-बालकल्याणचे, आणि अर्थ व बांधकाम पुरुषांकडे, अशीच वाटणी मी बहुतेक वेळा पाहिली. निम्म्या जागा मिळाल्या, निम्म्या तिजोरीची किल्ली मिळाली नाही. २०२२ नंतर तर मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. त्या काळात अंदाजपत्रकावर हरकत घ्यायला सभागृहात एकही बाई नव्हती, पुरुषही नव्हता.

मग करायचे काय? मुंबईत २०११ पासून 'राइट टु पी' मोहिमेतल्या बायकांनी महापालिकेला विचारले, पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे का? साधा प्रश्न होता, पण त्याने मुतारीचा विषय लाजेतून काढून पालिकेच्या कारभारात आणला. तसे प्रश्न आपल्याला गावोगाव विचारायचे आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे हळदीकुंकू नको, अंदाजपत्रक वाचा. माहितीचा अधिकार आता देशभर आहे. अर्ज करून लाभार्थ्यांची यादी मागा आणि यादीतल्या घरी जाऊन या. प्रत्येक खात्याला विचारा, तुमच्या रस्त्याने, दिव्याने, नळाने बाईचे किती चालणे आणि किती भीती कमी झाली? आणि निवडून गेलेल्या बहिणींनो, अर्थ समिती मागून घ्या. सही करण्यापूर्वी कागद घरच्या पुरुषाकडे पाठवू नका, आमच्या टेबलाशी या. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक कळते. महिनाभराच्या तुटपुंज्या मजुरीत सहा माणसांचे घर चालवणाऱ्या बाईला तर आमच्यापेक्षा लवकर कळेल.